गाडीसाठी इलेक्ट्रिक विंच घेताय? आधी हा हिशेब मांडा

विंच म्हणजे गाडीच्या पुढे बसवलेलं, मोटरनं ड्रमवर दोर गुंडाळत अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र. माझी पहिली विंच साडेनऊ हजार पौंड ओढीची होती. गाडीचं वजन सामानासकट अडीच हजार किलो. साडेनऊ हजार पौंड म्हणजे साधारण ४३०० किलो, म्हणजे कागदावर विंचची ओढ गाडीच्या वजनाच्या पावणेदोन पट. तरीही एका ओढ्याच्या काठी, चढावर, चाकं गाळात रुतलेली असताना ती गाडी तसूभर हलली नाही. मोटरचा आवाज खाली खाली जात गेला, हेडलाइट पिवळे पडले आणि ताठ झालेला दोर जागच्या जागी थांबला. झाड समोर फक्त पाच मीटरवर होतं.

विंचमध्ये कसलाही बिघाड नव्हता. वायरिंगही ठीक होतं. त्या संध्याकाळी नेमकं काय झालं ते समजायला मला बराच वेळ लागला, पण ते समजल्यावर विंच कशी निवडायची हेही आपोआप समजलं. तुम्हाला तो वेळ लागू नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

त्याआधी एक विचारतो. तुम्ही कायम दुसऱ्या गाडीच्या सोबतीनंच जात असाल, तर चांगला फावडा, चाकाखाली घालायच्या दोन फळ्या आणि ताणला जाणारा रिकव्हरी दोर एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. विंचची खरी गरज असते ती एकट्यानं फिरणाऱ्याला, किंवा दुसरी गाडी जवळ आणताच येत नाही अशा चिखलात आणि चढावर जाणाऱ्याला. तुम्ही त्यांपैकी असाल तर पुढे वाचा.

पायरी १: गाडी भरून काट्यावर न्या

गाडीच्या कागदपत्रांत लिहिलेलं वजन बहुधा रिकाम्या गाडीचं असतं. अडकते ती भरलेली गाडी. टाकी पूर्ण भरा, पाणी, हत्यारं, जादा चाक, छतावरचं सामान, नेहमी बरोबर असतात तेवढी माणसं, सगळं घेऊन वजनकाट्यावर जा. नुसत्या ६० लिटर डिझेलचंच वजन ५० किलो होतं. हा आकडा तीन-चारशे किलोंनी वाढलेला पाहून पुष्कळांना धक्का बसतो.

आलेल्या वजनाला दीडनं गुणा. विंचची किमान ताकद तेवढी हवी. हा दीडपटीचा नियम सगळे सांगतात, पण त्यामागचं कारण कुणी फारसं सांगत नाही. लष्करी रिकव्हरीत, म्हणजे अडकलेल्या गाड्या बाहेर काढताना, एक ढोबळ अंदाज वापरतात: चाक निम्म्यापर्यंत रुतलं असेल तर गाडी ओढायला तिच्या वजनाइतका जोर लागतो, चिखल मडगार्डपर्यंत आला असेल तर दुप्पट. त्यात चढ असेल तर तो वेगळा मिळवायचा. १५ अंशांच्या चढाला वजनाच्या पावपट, ३० अंशांना निमपट, ४५ अंशांना ७० टक्के. अडीच हजार किलोंची गाडी निम्मं चाक चिखलात आणि ३० अंशांच्या चढावर अडकली, तर २५०० अधिक १२५० मिळून ३७५० किलो होतात. म्हणजे बरोबर दीडपट.

३७५० किलो म्हणजे सुमारे ८२७० पौंड. बाजारात विंच पौंडांतच मोजल्या जातात, त्यामुळे अशा गाडीला ९००० किंवा ९५०० पौंडांची विंच घ्यावी. भरून १४०० किलो होणाऱ्या छोट्या गाडीला हाच हिशेब २१०० किलोंवर, म्हणजे ४६०० पौंडांच्या जरा वर थांबतो. वरचं एक माप घेतलं तर हरकत नाही, पण तीन मापं वर जाऊ नका. १२००० पौंडांची विंच हलक्या गाडीच्या नाकावर टांगली की पुढच्या स्प्रिंग बसतात, आणि ज्या चिखलातून गाडी एरवी निघाली असती त्यातच नाक खुपसून बसते.

पायरी २: खोक्यावरचा आकडा कुठल्या थराचा आहे ते समजून घ्या

माझी गाडी का हलली नाही त्याचं उत्तर या पायरीत आहे, म्हणून इथे जरा थांबा.

विंचवर लिहिलेली ओढ ही ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची असते. ड्रमवर एकावर एक थर चढत जातात तसा ड्रम जाड होत जातो. मोटर तेवढ्याच जोरानं फिरवत असते, पण दोर मध्यापासून लांब गेल्यामुळे ओढ घटते. पान्याची दांडी लांब असली की बोल्टवर जोर जास्त पडतो, इथे नेमकं त्याच्या उलट होतं. भार मध्यापासून जितका दूर, तितकी त्याच मोटरची ओढ कमी.

आकड्यांत पाहू. ड्रमचा व्यास ६४ मिलिमीटर, दोर ८ मिलिमीटरचा, ड्रमची रुंदी साधारण २२ सेंटिमीटर. पहिल्या थरात दोराचा मध्य ड्रमच्या मध्यापासून ३६ मिलिमीटरवर असतो, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ५२ आणि चौथ्यात ६०. पहिल्या थरावर ४३०० किलो ओढणारी विंच दुसऱ्यावर साधारण ३५००, तिसऱ्यावर २९७५ आणि चौथ्यावर जेमतेम २५८० किलो ओढते. म्हणजे खोक्यावरच्या आकड्याच्या साठ टक्के.

आता लांबी पाहा. अशा ड्रमच्या पहिल्या थरात सहाच मीटर दोर बसतो. दोर २८ मीटरचा असेल तर पूर्ण ताकद मिळवायला २२ मीटर बाहेर काढावा लागतो. माझं झाड पाच मीटरवर होतं. ड्रमवर २३ मीटर दोर तसाच राहिला होता, म्हणजे विंच चौथ्या थरावर ओढत होती. माझ्याकडे ४३०० किलोंची विंच होती आणि मी वापरत होतो २५८० किलोंची.

गाडी शेवटी निघाली ती कप्पीमुळे. स्नॅच ब्लॉक म्हणजे बाजूनं उघडणारी कप्पी. ती झाडाच्या पट्ट्याला अडकवली, दोर तिच्यातून वळवून परत माझ्याच गाडीच्या पुढच्या टो हुकाला आणला. दोर दुहेरी झाला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. पण याचा दुसरा फायदा फार कमी जणांच्या लक्षात येतो. पाच मीटरऐवजी दहा मीटर दोर बाहेर आला, ड्रमवर १८ मीटर राहिला आणि विंच चौथ्याऐवजी तिसऱ्या थरावर आली. २९७५ ची दुप्पट, त्यातून कप्पीतलं घर्षण वजा केलं तरी पाच हजार किलोंच्या वर. त्याच मोटरनं, त्याच बॅटरीवर, त्याच झाडाला धरून. मोटरचा आवाज या वेळी एकसारखा राहिला, आणि चिखलातून चाक सुटतानाचा तो ‘फटाक्’ असा आवाज अजून माझ्या कानात आहे.

म्हणून विंच पाहायला गेलात की थरवार ओढीचा तक्ता मागा. प्रामाणिक कंपनी तो देते. तक्ता नसेल तर ती विंच बाजूला ठेवा. आणि कप्पीचे पैसे विंचच्या खर्चातच धरा, नंतर घेऊ म्हणू नका.

पायरी ३: मोटर आणि गिअर

मोटर दोन जातींची मिळते. परमनंट मॅग्नेट मोटर हलक्या ओढीला वीज कमी खाते, पण जास्त वेळ जोर लावला की लवकर तापते. सिरीज वाउंड मोटर जास्त वीज खाते, मात्र जड ओढ जास्त वेळ झेलते. मोठ्या गाडीला सिरीज वाउंडच घ्या. क्वचित वापराच्या छोट्या गाडीला परमनंट मॅग्नेट चालेल.

गिअर बहुतेक ठिकाणी प्लॅनेटरी असतो. आटोपशीर आणि वेगवान. त्यात ब्रेक बहुधा ड्रमच्या पोटातच असतो हे मात्र लक्षात ठेवा, कारण दोर निवडताना ते उपयोगी पडेल. वर्म गिअर संथ असतो, पण भार स्वतःच धरून ठेवतो.

वेगाच्या जाहिरातीला भुलू नका. मिनिटाला दहा मीटर हा वेग मोकळ्या दोराचा असतो. पूर्ण भाराखाली तोच मिनिटाला एक-दीड मीटरवर येतो, आणि तेच बरं असतं. हळू ओढली की काय चाललंय ते दिसतं आणि थांबायला वेळ मिळतो.

पाण्यात उतरणार असाल तर आयपी ६७ किंवा त्याहून वरचं रेटिंग पाहा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ते रेटिंग मोटरचं आहे, कंट्रोल बॉक्सचं आहे की दोन्हीचं, हे विचारून घ्या.

पायरी ४: तारेचा दोर की सिंथेटिक

नवख्याला मी सिंथेटिकच सुचवतो. डायनीमासारख्या धाग्यापासून केलेला हा दोर पाण्यावर तरंगतो, हातानं सहज ओढता येतो, आणि तारेच्या दोराच्या तुलनेत विंचचं वजन आठ-दहा किलोंनी कमी होतं. चिखलात घोट्यापर्यंत उभं राहून तारेचा जड दोर चढावर ओढत नेणं काय असतं, ते एकदा करून पाहिलेल्याला विचारा.

पण त्याची काळजी घ्यावी लागते. हा धागा साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसला वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी कमजोर व्हायला लागतो. ड्रमच्या पोटातला ब्रेक इथे आडवा येतो. विंचनं गाडी उतारावरून हळूहळू खाली सोडत राहिलात तर ब्रेक तापतो, ड्रम तापतो आणि ड्रमला चिकटलेला पहिला थर भाजून निघतो. बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय ऊन आणि खडकाची धार हे त्याचे शत्रू. वाळूचे कण धाग्यांत शिरून आतून कापतात, म्हणून चिखलातून आल्यावर दोर पूर्ण सोडून साध्या पाण्यानं धुवा आणि सावलीत वाळवा.

हे करायची तयारी नसेल, किंवा रोज खडकांत काम असेल, तर तारेचा दोर घ्या. तो घासला तरी तग धरतो. मात्र तो एकदा मुरडला की तिथे कायमचा कमजोर होतो, आणि त्याची एखादी बारीक तार तुटून वर आली की कातड्याच्या मोज्यातूनही हातात घुसते. तपासायची एक सोपी रीत आहे. मोजे घालून, दोर सैल पडलेला असताना, त्यावरून कापसाचा बोळा हलका फिरवत न्या. जिथे तार तुटली असेल तिथे कापसाचा धागा अडकून राहतो.

दोराबरोबर फेअरलीडही बदलतो. गाडीच्या तोंडाशी दोर जिथून बाहेर येतो तो हा भाग. तारेला रोलरचा, सिंथेटिकला गुळगुळीत ॲल्युमिनियमचा हॉझ. ज्या रोलरवर तारेनं ओरखडे पाडलेत त्यावरून सिंथेटिक दोर फिरवणं म्हणजे तो किसणीवर घासणं.

पायरी ५: बॅटरी

मोकळी फिरताना विंच साधारण ७० अँपिअर घेते. साडेनऊ हजार पौंडांची विंच पूर्ण जोरात असताना हाच आकडा ४०० च्या घरात जातो. इंजिनवर वीज बनवणारा आल्टरनेटर शंभरेक अँपिअरचा असला तर उरलेले तीनशे बॅटरीतून येतात. बॅटरी एका मिनिटात रिकामी होत नाही, पण एवढ्या प्रवाहाखाली तिचं व्होल्टेज कोसळतं. मोटर मंदावते, अधिक तापते, आणि विंच चालू-बंद करणारा सोलेनॉइड नीट न दाबला जाता थरथरायला लागतो.

ही थरथर धोक्याची असते. तिच्यात ठिणग्या पडून सोलेनॉइडचे बिंदू एकमेकांना चिकटतात, आणि मग रिमोटवरचं बटण सोडलं तरी विंच थांबत नाही. म्हणून बॅटरी आणि विंचच्या मध्ये हातानं बंद करता येणारा आयसोलेटर स्विच हवाच. तो विंचच्या पूर्ण प्रवाहाला पुरेल एवढा असावा, आणि बॉनेट न उघडता हाताला लागेल अशा जागी बसवा. बसवणारा नको म्हणाला तरी बसवून घ्या.

बॅटरी जुनी असेल तर विंचआधी ती बदला. वायर कंपनीनं दिलेल्याच जाडीच्या ठेवा, कमीत कमी ३५ चौरस मिलिमीटर तांबं. बॅटरी मागे असेल तर याहून जाड. अर्थची वायर चासीच्या कुठल्याशा बोल्टला न लावता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. ओढताना इंजिन चालू ठेवा, थोडं वरच्या आरपीएमवर. पूर्ण जोरात मिनिटभर ओढली की थांबा आणि काही मिनिटं थंड होऊ द्या. मोटरच्या कवचाला हात लावून ठेवता येत नसेल तर अजून थांबा.

पायरी ६: बसवायची जागा

विंच ज्यावर बसते तो पत्रा आणि तो पत्रा ज्यावर बसतो ती चासी, दोन्ही विंचइतकी मजबूत हवीत. कंपनीचा मूळ बंपर यासाठी बनवलेला नसतो. ८००० ते १२००० पौंडांच्या बहुतेक विंचच्या चार बोल्टांची मांडणी २५४ बाय ११४.३ मिलिमीटर असते. तुमच्या बंपरची प्लेट याला जुळते का ते मोजून पाहा. बोल्ट विंचबरोबर आलेलेच वापरा. बदलायचेच झाले तर त्याच ग्रेडचे घ्या आणि टॉर्क पान्यानंच आवळा.

रेडिएटरची हवा अडत नाही ना, एअरबॅगच्या सेन्सरला धक्का लागत नाही ना, विंचच्या क्लचचा, म्हणजे ड्रम हातानं फिरेल असा मोकळा सोडणारा, खटका हाताला येतो का, हे बसवण्याआधीच पाहून घ्या. बंपर बदलण्याबाबत तुमच्याकडे काय नियम आहेत तेही आधी विचारा.

पायरी ७: सोबतचं सामान

झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा हवा. दोर थेट बुंध्याला घातला तर साल सोलली जाते आणि झाड मरतं. दोन बो शॅकल, म्हणजे पट्टा आणि हूक जोडायच्या, पिननं बंद होणाऱ्या लोखंडी कड्या हव्यात, आणि त्यांवर सुरक्षित भार कोरलेला असावा. १९ मिलिमीटरच्या चांगल्या शॅकलवर पावणेपाच टन लिहिलेलं असतं. नुसतं चकचकीत आणि काहीच न लिहिलेलं शॅकल घेऊ नका. कप्पीवर दोन्ही दोरांचा ताण एकत्र येतो, म्हणून कप्पी विंचच्या दुप्पट क्षमतेची आणि तिच्यामागचं शॅकल व पट्टा त्याच हिशेबानं मोठे. यांशिवाय कातडी हातमोजे, आणि ओढताना दोरावर टाकायचं जड डॅम्पर, म्हणजे दोर तुटला तर त्याची उसळी अडवणारं ओझं. सिंथेटिक दोर असला तरी डॅम्पर टाका, कारण दोर हलका असला तरी सुटलेलं शॅकल लोखंडाचंच असतं.

हूक ट्रेलरच्या टो बॉलला कधीही लावू नका. तो तुटून उडतो आणि माणसं मेलेली आहेत. दोर बुंध्याभोवती फिरवून हूक त्याच दोरावर अडकवणंही नको. आणि विंच उचलायचं यंत्र नाही. तिच्यावर माणूस लटकवायचा नाही, कुठल्याही अडचणीत.

पायरी ८: पहिला दिवस

नवी विंच लावल्या दिवशीच रानात जाऊ नका. नव्या विंचवरचा दोर बहुधा सैल गुंडाळलेला असतो. तसाच वापरलात तर भाराखाली वरचा थर खालच्या थरात घुसून बसतो आणि मग दोर ना आत जातो ना बाहेर येतो.

हलका चढ असलेली मोकळी जागा शोधा. वर एखादं पक्कं झाड पाहून पट्टा लावा. विंचचा क्लच सोडा, दोर हातानं ओढत न्या, आणि ड्रमवर शेवटचे वेढे राहू द्या: तारेचे किमान पाच, सिंथेटिकचे आठ ते दहा. भार त्या वेढ्यांच्या घर्षणावर पेलला जातो. दोराचं टोक ड्रमला नुसतं अडकवलेलं असतं, त्याच्यावर भार टाकायचा नसतो. क्लच पुन्हा लावताना ड्रम पूर्ण थांबलेला असू द्या.

एकाला गाडीत बसवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, पाय ब्रेकवर अगदी हलका, म्हणजे दोरावर तीन-चारशे किलोंचा ताण राहील. तुम्ही बाजूला, दोराच्या रेषेपासून लांब उभे राहा. बाकी कुणीही दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत नको, आणि दोर ओलांडायचा नाही म्हणजे नाही. आता थोडं थोडं गुंडाळत या. दर दोन मीटरला थांबून वेढे एकमेकांना लागून बसतायत का ते पाहा. दोर एका बाजूला ढीग करायला लागला तर गाडीचं तोंड सरळ करा. जास्त तिरकं ओढलं की असंच होतं.

शेवटचा मीटरभर राहिला की थांबा. इथेच बोटं जातात. हुकाला अडकवलेली पट्टी धरा, हूक हातात धरू नका, आणि बटण टिचक्यांनी दाबत तो जागेवर आणा. मग आयसोलेटर बंद करा, टॉर्क पाना काढा आणि चारही बोल्ट पुन्हा तपासा. पहिल्या ओढीनंतर त्यांतला एखादा हमखास थोडा फिरतो.